एकच डबा की रोज वेगळं? टँकमधल्या माशांच्या खाण्याबद्दल तुमचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये खाण्याचेच प्रश्न जास्त आहेत, म्हणून फिल्टर आणि लाइटवाले पुढच्या अंकात घेते, आज फक्त खाणं.

प्रश्न : ताई, आमच्याकडे ३ फुटी टँकमध्ये गोल्डफिश आहेत आणि दुसऱ्या छोट्या टँकमध्ये मॉली आणि गप्पी. मी पहिल्यापासून एकाच कंपनीचं पेलेट घालतोय आणि मासे ठीक दिसतायत. पण मामा म्हणतो रोज तेच तेच खाऊन मासे अशक्त होतात, चार प्रकारचं घालायला पाहिजे, आणि दुकानवाला म्हणतो काही गरज नाही, डब्यात सगळं असतं. खरं काय? (एक वाचक, मालवण)

उत्तर : दुकानवाल्याचं जास्त बरोबर आहे, पण डबा ताजा असेपर्यंतच, आणि तो डबा तुमच्या माशासाठी बनवलेला असेल तरच.

आधी हे बघा की पेलेट म्हणजे काही एकच पदार्थ नसतो. थालीपिठाच्या भाजणीत कशी पाच-सहा धान्यं आणि डाळी एकत्र दळलेल्या असतात तसंच त्यात फिशमील म्हणजे माशांची पूड, गहू, सोया, कोलंबीची पावडर, कुठे स्पिरुलिना नावाचं शेवाळ, माशाचं तेल आणि वरून व्हिटॅमिन-मिनरलचं मिश्रण असं सगळं एका दाण्यात दाबलेलं असतं. म्हणून चांगल्या पेलेटवर मासा वर्षानुवर्षं नीट जगतो, त्यात खोटं काही नाही. उलट जे लोक विविधता म्हणून सोमवारी पोळी, मंगळवारी बिस्कीट, बुधवारी भाताची शितं असं घालतात त्यांचे मासे मी जास्त आजारी बघितलेत, कारण त्यात नुसता स्टार्च, माशाला त्यातलं फार थोडं पचतं आणि बाकीचं पाण्यात कुजून अमोनिया वाढवतं, जो माशांना विषारी असतो.

आता मामांचं म्हणणं कुठे बरोबर आहे ते सांगते. बहुतेक माशांना माणसासारखंच व्हिटॅमिन सी स्वतःच्या शरीरात बनवता येत नाही, ते खाण्यातूनच यावं लागतं, आणि हे व्हिटॅमिन हवा, उष्णता आणि ओल यांनी लवकर खराब होतं. चांगल्या कंपन्या आता त्याचं टिकाऊ रूप वापरतात तरीसुद्धा डबा उघडल्यावर ते हळूहळू कमी होतंच. आणि आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेत किती ओल असते ते मी तुम्हाला काय सांगू, कपाटातल्या चपलांना बुरशी येते तिथे फिश फूडचं काय होत असेल. वर्षभर तोच मोठा डबा पुरवला तर शेवटचे महिने मासा पोट भरून खातो पण त्याला मिळायचं ते मिळत नाही. लहान वाढत्या माशांत ही कमतरता राहिली की पाठीचा कणा वाकडा होऊ शकतो, कल्ले आणि पर बरे व्हायला वेळ लागतो. (कणा वाकायला दुसरीही कारणं असतात, आजार असतो, जन्मजात असतं, त्यामुळे वाकडा मासा दिसला की लगेच खाण्यावर ढकलू नका.)

म्हणून माझं सांगणं असं की एकच रोजचं फूड ठेवा पण छोटा डबा घ्या, जो दोन-तीन महिन्यांत संपेल. दुकानात गोणीतून काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून देतात ते सुट्टं फूड स्वस्त पडतं खरं, पण ते कधी उघडलंय, कधीचं बनलंय काही कळत नाही, मी तरी ते घेऊ नका असंच म्हणेन. घरी आणल्यावर आठवड्याभराचं छोट्या बरणीत काढा आणि बाकीचं घट्ट झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवा. फ्रीजमधून काढलं की लगेच उघडू नका, डबा खोलीच्या तापमानाला येऊ दे, नाहीतर आत दव धरतं आणि सगळी मेहनत वाया. वास खवट आला किंवा दाणे एकमेकांना चिकटलेले दिसले की टाकून द्या, बुरशीचं विष उन्हात वाळवून जात नाही.

आणि वेगवेगळ्या कंपन्यांचे चार डबे आणणं म्हणजे विविधता नाही, हे खूप लोकांना सांगावं लागतं. चारही डब्यांवर पहिलं नाव फिशमील आणि दुसरं गहू असेल तर तुम्ही एकच गोष्ट चार रंगांत विकत घेतलीय. डब्यामागचं लेबल वाचा, ज्याचं प्रमाण जास्त ते नाव साधारणपणे आधी लिहितात. प्रोटीन किती ते बघा. गोल्डफिशसाठी ३० टक्क्यांच्या आसपास पुरतं, मांसाहारी माशांना ४० किंवा त्याहून जास्त लागतं.

तुमच्या बाबतीत खरा प्रश्न वेगळाच आहे आणि तो तुम्ही विचारलेला नाही. गोल्डफिश आणि मॉली दोघांना तुम्ही तेच पेलेट घालताय. गोल्डफिशला जठरच नसतं, खाल्लेलं सरळ आतड्यात जातं, त्यामुळे एकदम भरपूर घालण्यापेक्षा दिवसातून दोन-तीनदा थोडं थोडं बरं. मॉली ही मुळात शेवाळ खरवडून खाणारी, तिचं आतडं लांब असतं आणि तिला हिरवं लागतंच, नुसत्या फिशमीलवर ती जगेल पण नीट फुलणार नाही. तिच्यासाठी स्पिरुलिनावालं फ्लेक म्हणजे पातळ पापुद्र्यांचं फूड घ्या, किंवा टँकची एक काच घासायची सोडून द्या, त्यावरचं शेवाळ ती दिवसभर खात बसेल. गप्पी दोन्ही खातो, शेवाळही आणि डासांच्या अळ्याही, म्हणूनच तर आपल्याकडे विहिरींत आणि टाक्यांत आरोग्य खात्याची माणसं गप्पी सोडतात. विहिरीत त्याला कोणी डब्यातलं घालत नाही, पण तिथे त्याच्यापुढे शेवाळ, अळ्या, पडलेले किडे, कुजकी पानं असं सगळं असतं आणि तो स्वतः निवडतो. टँकमध्ये निवडायचं काम आपल्यावर आलंय एवढाच फरक. खाडीतल्या कालुंदराचं बघा, तो बहुतेक शेवाळ आणि पाणवनस्पती खाऊन वाढतो, त्याला टँकमध्ये आणून रोज बोंबलाचे तुकडे घातले तर खाईल तो, पण ते त्याचं जेवण नव्हे.

तर रोज पेलेट, आठवड्यातून दोनदा-तीनदा त्याऐवजी दुसरं काहीतरी, आणि ते दुसरं काय हे माशाच्या पोटावरून ठरवायचं, आपल्याला काय सोपं पडतं त्यावरून नाही. मामांना सांगा कंटाळ्याचा प्रश्न नाहीये, एका डब्यात जे कमी पडतं ते दुसरीकडून भरून काढायचा प्रश्न आहे.

प्रश्न : आम्ही बंदराजवळ राहतो, घरात सुका जवळा, सोडे, ताजी मासळी नेहमी असते. हेच माशांना घातलं तर महागडं फूड कशाला आणायचं? (एक वाचक भगिनी, हर्णै)

उत्तर : ताई, हा प्रश्न मला फार आवडला कारण किनाऱ्यावर राहणाऱ्यांकडे जे आहे ते पुण्या-मुंबईचे हौशी लोक पैसे मोजून पाकिटातून आणतात.

जवळा चांगला आहे. त्यात प्रोटीन भरपूर, वरच्या टरफलामुळे थोडा चोथा मिळतो तो पोट साफ ठेवायला मदत करतो, आणि त्याचा जो गुलाबी रंग दिसतो ते रंगद्रव्य माशाच्या अंगावरचा लाल-केशरी रंग टिकवतं. मासा हे रंगद्रव्य स्वतः बनवू शकत नाही, खाण्यातूनच घेतो, म्हणून नुसत्या स्वस्त फ्लेकवर ठेवलेला लाल गोल्डफिश काही महिन्यांनी फिका पडतो. (काही गोल्डफिश वयाप्रमाणे किंवा जातीमुळेही रंग बदलतात, ते खाण्याने थांबत नाही.)

पण कोणता जवळा ते बघा. मीठ लावलेला अजिबात नको, खारवलेली कुठलीच सुकी मासळी नको. वाळूवर वाळवलेला असेल तर आधी चाळा, मग दोन-तीन पाण्यांनी धुवा, दहा-पंधरा मिनिटं भिजवा, बारीक चुरा आणि मग घाला. कोरडाच घातला तर तो पोटात जाऊन फुगतो. आणि मे महिन्यात भरून ठेवलेला जवळा गणपतीत काढाल तेव्हा आधी वास घ्या, त्यातलं तेल खवट झालं असेल तर माशाच्या लिव्हरवर परिणाम होतो, आपल्याला आमटीत चालला म्हणजे माशालाही चालेल असं नाही. सोड्यांचंही तसंच, शिवाय ते कडक, मोठ्या माशालाच द्या आणि भिजवून.

ताज्या मासळीबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगते कारण ती फारशी कोणी सांगत नाही. तारली, मांदेली यांच्या घराण्यातल्या बऱ्याच माशांत आणि शिंपल्यांतसुद्धा कच्चेपणी थायामिनेज नावाचं एक एन्झाइम असतं, ते व्हिटॅमिन बी-१ मोडून टाकतं. एखाद्या वेळी घातलं तर काही बिघडत नाही, पण रोज कच्ची तारली किंवा कच्च्या तिसऱ्या घालत राहिलात तर मासा हळूहळू सुस्त होतो, खाणं सोडतो, तोल जातो, झटके येतात, आणि आपण पाणी बदलत बसतो. गोठवून हे एन्झाइम जात नाही, उष्णतेने जातं. म्हणून तुकडे उकळत्या पाण्यात मिनिट-दोन मिनिटं टाकून काढा. कोलंबीचंही तसंच करा, सोलून, मधला काळा दोरा काढून, बारीक चिरून.

आता फूड कशाला आणायचं याचं उत्तर. नुसत्या जवळ्यावर किंवा नुसत्या कोलंबीवर मासा ठेवला तर तेही एकच खाणं झालं, आणि पेलेटपेक्षा अपुरं, कारण त्यात वरून घातलेली व्हिटॅमिन नाहीत. मांसाबरोबर आतडं, त्यातलं शेवाळ असं सगळं निसर्गात माशाला मिळतं, आपण त्याला निवडून साफ केलेला तुकडा देतो. त्यामुळे रोजचं पेलेट ठेवाच, आठवड्यातले दोन दिवस बंदरावरचं.

फारच हौस असेल तर हे करून बघा, मी स्वतः करते. उकळत्या पाण्यातून काढलेली कोलंबी, वाफवलेला पालक, वाफवलेले मटार आणि चमचाभर स्पिरुलिना पावडर मिक्सरमधून काढायचं, चायना ग्रास पाण्यात उकळून जरा कोमट झाला की त्यात मिसळायचं, ताटलीत पातळ थापायचं आणि सेट झालं की चौकोनी वड्या पाडून फ्रीझरमध्ये. मीठ, तेल, मसाला काही नाही. वाटीभर केलं तरी महिनाभर पुरतं, त्याहून जास्त ठेवू नका. गोल्डफिश तर यावर तुटून पडतात. मात्र चिकनची कलेजी किंवा मटण यात घालायच्या भानगडीत पडू नका, जमिनीवरच्या जनावरांची चरबी माशाला नीट पचत नाही आणि ती लिव्हरवर साठते.

प्रश्न : माझा ऑस्कर मासा फक्त जिवंत छोटे मासे खातो. पेलेट टाकले की तोंडात घेतो आणि थुंकतो. तो मांसाहारी आहे तर जिवंत मासेच बरोबर ना? (एक कॉलेज विद्यार्थी, कुडाळ)

उत्तर : नाही रे बाबा. दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांत ऑस्कर किडे, खेकडे, कोलंब्या, छोटे मासे आणि पाण्यात पडलेली फळंसुद्धा खातो, तो काही रोज मासा मारून जगत नाही. तू जे घालतोस ते बहुतेक दुकानातले स्वस्त छोटे गोल्डफिश असणार, आणि गोल्डफिशमध्येही वर सांगितलेलं ते थायामिनेज असतं. शिवाय हे मासे दुकानात खचाखच भरलेल्या टाकीत उपाशी ठेवलेले असतात, त्यांच्या अंगावरचे परजीवी आणि आजार तुझ्या टँकमध्ये फुकट येतात. आणि एक माणूस म्हणून सांगते, त्या गोल्डफिशलाही जीव आहे, गरज नसताना कशाला.

सवय मोडायला धीर लागतो, तुझ्यापेक्षा ऑस्करला जास्त धीर असतो हे लक्षात ठेव. तो धडधाकट मोठा असेल तर तीन-चार दिवस काहीच घालू नकोस, त्याला काही होत नाही. मग कोलंबीचा उकळत्या पाण्यातून काढलेला तुकडा चिमट्याने धरून पाण्यात हलव, हलतंय म्हटल्यावर तो झडप घालतो. ते सुरू झालं की तुकड्याच्या आत पेलेट खोचून दे, आणि मग तुकडा छोटा आणि पेलेट जास्त असं करत जा. मध्ये एखादा दिवस तो रुसून कोपऱ्यात बसेल, घरचे म्हणतील बिचारा उपाशी आहे, तेव्हाच लोक परत जिवंत मासा टाकतात आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. टाकू नकोस. नाकतोडे, गांडुळं अधूनमधून दिलीस तर उत्तम, फक्त फवारणी केलेल्या आंब्या-काजूच्या बागेतली नकोत.

प्रश्न : गोल्डफिश पेलेट खाल्ल्यावर पालथा होऊन तरंगतो, थोड्या वेळाने नीट होतो. फूड बदलू का? (एक वाचक, अलिबाग)

उत्तर : आधी पाण्यातली विषारी द्रव्यं, म्हणजे अमोनिया आणि नायट्राइट, तपासा आणि पाणी बदला, कारण पालथं होण्याची कारणं एक नाही. खाल्ल्यानंतरच होत असेल तर तरंगणारे पेलेट बंद करून बुडणारे घ्या, वरचे दाणे खाताना तो हवाही गिळतो. दोन दिवस उपास, मग वाफवून साल काढलेला मटार चुरून. मटार हे औषध नाही आणि रोजचं जेवणही नाही, पण चोथ्यामुळे पोट मोकळं व्हायला मदत होते. आठवड्यातून एक दिवस उपास तर सगळ्याच मोठ्या माशांना ठेवा, पिल्लांना नको.

प्रश्न : पावसात आमच्याकडे लाइट कधी जाईल आणि कधी येईल नेम नसतो. तेव्हा खायला घालायचं का? आणि गणपतीला घर पाहुण्यांनी भरलेलं असतं, मुलं सारखी काहीतरी टाकतात. (एक गृहिणी, दापोली)

उत्तर : लाइट गेली की खाणं बंद, हा नियमच करा. फिल्टर आणि एअर पंप बंद असताना घातलेलं खाणं कुजतं, मासे जी घाण करतात तीही तशीच राहते आणि पाण्यातला ऑक्सिजन आधीच कमी झालेला असतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस लाइट नव्हती हे तुम्हाला सांगायची गरज नाही, तेव्हा जे मासे उपाशी आहेत म्हणून घालत राहिले त्यांचं पाणी आधी खराब झालं. मोठा निरोगी मासा आठवडाभर खाण्याशिवाय राहतो, ऑक्सिजनशिवाय तासाभरातही जाऊ शकतो. मग्गाने पाणी वरून ओतत राहा, थोडं पाणी बदला, लाइट आल्यावर पहिल्या दिवशी नेहमीच्या निम्मंच घाला.

गणपतीचं असं करा, सकाळी दिवसाचं पेलेट छोट्या वाटीत काढून ठेवा आणि मुलांमधल्या एकालाच ते काम द्या, वाटी संपली की संपलं. चाकरमान्यांची मुलं आनंदाने ऐकतात, त्यांना काम मिळाल्यासारखं वाटतं. मोदक, लाडू, खोबरं पाण्यात गेलं तर लगेच जाळीने काढा. किती घालायचं याचा अंदाज एवढाच, दोन-तीन मिनिटांत संपेल तेवढं, खाली उरलं तर जास्त झालं.

प्रश्न : पावसाळ्यात पिंपात डासांच्या अळ्या भरपूर होतात, त्या माशांना घालते. चांगल्या ना? (एक वाचक, राजापूर)

उत्तर : माशासाठी उत्तम, फायटर मासे आणि गप्पी तर वेडे होतात. पण अळ्या मिळाव्यात म्हणून पाणी साठवून ठेवू नका, अंड्यापासून डास उडेपर्यंत आपल्या हवेत साधारण आठ-दहा दिवस लागतात आणि एक दिवस विसरलात तर डेंग्यू घरातच. करवंट्या, टायर, कुंडीखालच्या ताटल्या रिकाम्या करताना सापडतील त्या गाळून धुऊन घाला, पुरे. गटारातून काढलेले ट्युबिफेक्स (बारीक लाल किडे) मात्र नको, ते घाणीतच वाढतात आणि घाण पोटात घेऊन येतात, हवेच असतील तर कंपनीचे सुकवलेले घ्या. मुद्दाम काही वाढवायचंच असेल तर अझोला ही पाण्यावर तरंगणारी छोटी वनस्पती वाढवा, भातशेतीवाल्यांकडे सहज मिळतो, गोल्डफिश आणि मॉली आवडीने खातात आणि त्यात डास होऊ नयेत म्हणून त्याच टबात चार गप्पी सोडा.

प्रश्न : गप्पीची पिल्लं आठवड्यात मरतात. आम्ही उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक घालतो. (एक शिक्षक, गुहागर)

उत्तर : सर, बलक पाणी फार लवकर नासवतो, पिल्लं बहुतेक त्यानेच जातायत. पिल्लांना दिवसातून चार-पाच वेळा अगदी चिमूटभर लागतं आणि त्यांच्यासाठी आर्टेमियासारखं (खाऱ्या पाण्यातला कोलंबीसारखा इवलासा जीव) दुसरं काही नाही. आर्टेमियाच्या अंड्यांची छोटी डबी आणा. एक लिटर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम खडे मीठ, तुम्ही गुहागरला आहात तर समुद्राचं स्वच्छ पाणी गाळून घेतलं तरी चालेल, फक्त पावसाळ्यात खाडीच्या तोंडाजवळचं नको, त्यात गोडं पाणी मिसळलेलं असतं. उलटी केलेली बाटली, खालून एअर पंपाची नळी, वर दिवा. आपल्याकडच्या उबेत हीटर लागत नाही, २४ ते ३६ तासांत पिल्लं बाहेर येतात. मग हवा बंद करून दहा मिनिटं थांबा, रिकामी टरफलं वर तरंगतात, खाली दिव्याचा उजेड धरला की केशरी पिल्लं तिथे गोळा होतात, ती नळीने ओढून घ्या. टरफलं घेऊ नका, ती गप्पीच्या पिल्लांच्या पोटात अडकतात. जन्मल्यावर पहिल्या काही तासांत आर्टेमियाच्या पिल्लांत सर्वात जास्त पोषण असतं, नंतर ती स्वतःचाच साठा खर्च करतात, म्हणून दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका, रोज थोडी थोडी लावा. बारीक कापडातून गाळून गोड्या पाण्याने एकदा धुवा आणि लगेच घाला. दोन आठवड्यांनी चुरलेलं फ्लेक सुरू करा, पण आर्टेमिया एकदम बंद करू नका, महिनाभर दोन्ही चालू ठेवा.

तुमच्या शाळेतल्या मुलांना यात रस असेल तर रत्नागिरीत झाडगावला कोकण कृषी विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्राचं मत्स्यालय आहे, सहल काढा, आणि शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शोभिवंत मासे हा विषय शिकवतात, ते १९८१ पासून चालू आहे. जाण्याआधी चौकशी करून जा, सुट्टीच्या दिवशी फेरी फुकट जायला नको.